सभेचं बारसं

निजामाच्या राज्यात परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. आमचे हे पडले बोरी गावचे पुढारी. सभेवाचून ह्यांना अन्न गोड लागेना. म्हणून ह्यांनी युक्ती काढली. सभा भरवायची आणि कुणी विचारलं तर सांगायचं, लेकाचं बारसं हाय. मी आपली दर वेळी घुगऱ्या शिजवायची आणि पाळणा ओसरीवर आणून ठेवायची. लेक पाळण्यात मावेना, तरी बारसं चालूच.

एकदा भर भाषणात पोलिसांचा अमीन दारात उभा राहिला.

"लेकाचं बारसं हाय, साहेब," हे म्हणाले.

"अच्छा. बच्चे का नाम क्या रखे?"

हे माझ्याकडं बघायले, मी ह्यांच्याकडं. एवढ्या बारशांत नाव ठेवायचं दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. आता ह्यांना बेड्या पडणार, या भीतीनं मी पदर पुढं ओढून म्हणाले, "नाव आत्या ठेवती, साहेब. वन्सं चुलीपाशी हायत."

"तो बुलाव. हम बैठते."

धुरपतावन्सं पिठाच्या हातानंच आल्या आणि पोराच्या कानात म्हणाल्या, "दिनकर." अमीनानं घुगऱ्या खाल्ल्या, पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "बडा होके सरकार में बडी कुर्सी पे बैठेगा," म्हणाला.

सभा राहूनच गेली.


दिनकर आज मंत्री आहे. ह्यांच्या भाषणांचा किती उपयोग झाला देव जाणे, पण अमीनसाहेबांचा आशीर्वाद फळला. फक्त तोवर सरकार त्यांचं राहिलं नव्हतं.