तिकडचे तीन, इकडचे दोन

तनू स्पॅनिश शिकायला सेव्हिलला गेली आणि पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला आली. ज्या कुटुंबात ती राहत होती, तिथे दुपारचं जेवण तीनला!

"आई, आय ॲम स्टार्विंग. तीनपर्यंत कोण थांबतं?"

तिकडचे तीन म्हणजे बर्मिंगहॅमचे दोन. त्याच सुमाराला वैभवी शाळेच्या किचनमधलं काम उरकून, कंबर धरत घरी यायची. सकाळचा वरणभात मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची, फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवायची आणि मायलेकी जेवायला बसायच्या. तनूची कुरकुर चालूच असायची.

"होईल गं सवय," वैभवी घास घेता घेता म्हणायची.

सवय झाली, पण वैभवीला.

मार्चमध्ये एके दिवशी तिने पान वाढून फोन लावला, तर तनूच्या पुढ्यात ताटच नव्हतं.

"आई, मी घर बदललं! आता इंग्लिश मुलींबरोबर राहते. लंच एक वाजता, एकदम आपल्या इकडच्यासारखं. माझं कधीच झालं."

"सुटलीस बाई," वैभवी म्हणाली.

तिकडचा एक म्हणजे इकडचे बारा. बाराला ती हातात डाव घेऊन लोकांच्या पोरांना वाढत असायची.