मिशीवरची आंबील

साल दोन हजार तीन. त्या उन्हाळ्यात उचगावच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. एके सकाळी फिरून परतलेल्या सयाजीच्या पांढऱ्या मिशीवर बाळाबाईला तपकिरी रेघ दिसली. नाचणीची आंबील. आणि बाळाबाईनं तर त्या आठवड्यात आंबील केलीच नव्हती.

"कुठं गेलतासा?"

"फिरायला."

"मिशी पुसा."

सयाजीनं मिशी पुसली. बाळाबाईनं कारल्याच्या रसाचा पेला त्याच्यापुढं ठेवला आणि नेहमीसारखी समोर मांडी घालून बसली.

सयाजीला शुगर निघाल्यापासून तिनं घरातला गूळसुद्धा कुलपात घातला होता. उठल्या उठल्या भिजवलेल्या मेथ्या, मग कारल्याचा रस, जेवणाआधी जांभळाच्या बियांची पूड, जेवणात पालेभाजी आणि एक भाकरी. नवऱ्याचं एवढं करणारी बाई गल्लीत दुसरी नव्हती. एकेक घास त्याच्या तोंडात जाईपर्यंत ती नजर हलवायची नाही. "चावून खावा. त्ये टाकू नगा. भाताकडं बघू बी नगा." तरी सयाजी वाळत चालला होता. दोन घास खायचा आणि ताट सारायचा. रात्री ती पदर तोंडाला लावून रडायची. आणि हा माणूस बाहेर जाऊन आंबील पितो?

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या मागोमाग निघाली.

सयाजी पलीकडच्या गल्लीत वळला आणि आक्काताईच्या घरात शिरला. आक्काताई म्हणजे बाबासोची बायको. सयाजी आणि बाबासो एकाच फौंड्रीत जन्मले असावेत इतकी वर्षं बरोबर होते. बाबासोला जाऊन वर्ष झालं होतं. विजेच्या खांबाआड उभी राहून बाळाबाई बघू लागली. उंबऱ्यात आक्काताई जुन्या कपड्यांची वाकळ शिवत बसली होती. वाकळेत एक खाकी तुकडा होता. बाळाबाईनं मान पुढं काढली. सयाजीचा शर्ट! मग तिला आठवलं, बाबासोचाही तसलाच होता.

आत बुद्धाच्या तसबिरीखाली सयाजी भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हातांत जर्मनचा वाडगा. सावकाश, डोळे मिटून पीत होता. एवढं निवांत तोंड बाळाबाईनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. तिच्या अंगाची लाही झाली. ती तरातरा दारात गेली.

आक्काताईनं मान वर केली. "या की वैनी. बसा. आंबील घेतासा?"

त्या घरचं पाणीही बाळाबाई कधी प्यायली नव्हती. पिऊ नको असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, सांगावं लागतच नव्हतं. पण त्या दिवशी चव कळल्याशिवाय तिला राहवेना.

"द्या," ती म्हणाली. आक्काताईची सुई थांबली.

बाळाबाईनं घोट घेतला. जिभेवर घोळवला. आणखी एक घेतला.

"काय घालतासा ह्यात?"

"नाचणी, ताक, मीठ. आणि काय घालणार?"

"मीठ कमी हाय."

"घ्या की मग वरनं."

घरी येताना बाळाबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "माझ्या आंबिलीत लसूण असतोय, जिरं असतंय. तिच्यात काय हाय तेवढं सांगा मला!"

सयाजी चालता चालता म्हणाला, "तिच्यात काय बी न्हाय."

"मग?"

"तितं माझ्या तोंडाकडं कोण बघत बसत न्हाय."

बाळाबाई भर रस्त्यात थांबली. आक्काताईची पाठ तिच्या डोळ्यांपुढं आली. उंबऱ्यात तोंड गल्लीकडं, पाठ सयाजीकडं. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून सुईला उजेड लागत होता बाईला, दुसरं काही नाही. आक्काताईच्या हाताला चव असती तर बाळाबाईनं एक वेळ मनावर घेतलं नसतं. पण नुसती उजेडाला बसून ही बाई आपल्या नवऱ्याला जेवू घालते, हे तिला काही केल्या गिळवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं आंबील केली. वाडगा सयाजीपुढं ठेवला आणि त्याच्याकडं पाठ करून मेथीची जुडी घेऊन बसली. मान वळायला बघत होती, तिनं वळू दिली नाही. पहिला घोट ऐकू आला. बऱ्याच वेळानं दुसरा. मग बोटानं वाडगा पुसल्याचा आवाज.

"मीठ बरोबर हाय न्हवं?" तिनं समोरच्या भिंतीला विचारलं.

"व्हय."

सयाजी त्यानंतर बरीच वर्षं जगला आणि झोपेतच गेला. आक्काताईच्या जावयाला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम लागलं, तेव्हा ती लेकीकडं, दीक्षाकडं, राहायला गेली. जाताना निरोप घ्यायला आली होती. बाळाबाईनं तिला चहा दिला. घरात ताजी आंबील होती, ती नाही दिली.

आता बाळाबाईलाच शुगर निघाली आहे. सून वर्षाराणी टीव्हीवर बघून बघून दुधी भोपळ्याचा रस काढते, अळशी भाजते, आणि ताट वाढून समोर मांडी घालून बसते.

"आत्ती, भाजी सगळी संपवायची बरं का. मी बघतीया."

बाळाबाई ताट उचलते, भिंतीकडं तोंड करून बसते आणि म्हणते, "पोरी, तू जरा उंबऱ्यात, उजेडाला बस जा."