रंग घालण्याआधी

"चौथ्यांदा आलोय," गाडीवाले काका म्हणाले आणि बगलेतला पुठ्ठा त्यांनी काउंटरवर आपटला. पुठ्ठ्यावर बशीएवढा काळा डाग होता. "गाडी आहे की गळकं मडकं? महिनाअखेरीला वॉरंटी संपतेय. त्यानंतर तुम्ही मला ओळख तरी दाखवाल का?"

मॅनेजरने तिच्याकडे पाहिलं. निळ्या डांगरीतली ती काउंटरच्या टोकाला उभी होती. इंजिनच्या झाकणाखालचं पॅकिंग आतापर्यंत तीनदा बदललं होतं. तिन्ही वेळा तिनेच.

"या वेळी कंपनीला गळतीचा फोटो हवाय," काका गेल्यावर मॅनेजर म्हणाला. "आणि आता पुन्हा गळलं, तर तुला इंजिनवरून काढून गाड्या धुवायला पाठवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

त्याने तिला एक छोटी सीलबंद बाटली दिली. तिच्यातला रंग तेलात मिसळायचा, इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि जांभळ्या दिव्याखाली पाहायचं. तेल जिथून झिरपतं, तिथे पोपटी उजेड दिसतो.

गाड्या धुवायची तिला भीती होतीच. पण उस्तादांना तोंड कसं दाखवायचं, ही लाज त्याहून मोठी होती. पाना धरायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे आणि कुठे थांबायचं, तेही. दुसऱ्यांदा ही गाडी परत आली तेव्हा "मी एकदा नजर टाकतो" म्हणून ते एकटेच गाडीखाली गेले होते. हात पुसत बाहेर आले आणि मॅनेजरला म्हणाले, "पॅकिंग बसवताना हिचा हात जड पडला. नवीन आहे, होतं असं." मग तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "शिकशील, पोरी."

उस्ताद सहसा कुणाला थोपटत नसत. त्यांचा तेलकट पंजा डांगरीवर उमटला. आईने तो घासघासून धुतला. काळपटपणा गेला, फिकट पिवळी सावली राहिली.

"तुझ्या उस्तादाच्या हाताला डिंक असतो का गं?" आई म्हणाली.

"राहू दे तो," ती म्हणाली होती.

तेव्हापासून हात हलका व्हावा म्हणून ती घरी डब्यांची झाकणंही दोन बोटांनी लावायची. साखरेत मुंग्या शिरायच्या आणि आईची बोलणी खावी लागायची.

आज उस्ताद कपाळाला आठी घालून म्हणाले, "रंगबिंग कशाला? तेल वरून गळतं आणि खाली ओघळतं, त्यात शोधायचं काय? पॅकिंग बदल आणि मोकळी हो."

"कंपनीला फोटो पाहिजे म्हणतात."

"मग मी काढतो. तू जा, जेवून घे."

"नको, उस्ताद. चूक माझी आहे. मीच निस्तरते."

तिने गाडी लिफ्टवर घेतली. शटर अर्धं ओढलं, दिवे मालवले, पिवळा चष्मा चढवला. काही मिसळण्याआधी कोरं कसं दिसतं ते पाहून ठेवायचं, ही तिची जुनी सवय. उस्ताद त्याला नसती उठाठेव म्हणत. बाटली खिशात तशीच ठेवून तिने जांभळा दिवा लावला.

स्टुलावर चढून तिने वरचं पॅकिंग चारही बाजूंनी पाहिलं. कोरडं होतं. अंधार होता, जसा असायला हवा. मग खाली उतरून तिने दिवा इंजिनच्या पोटाखाली नेला. मागे, जिथे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेले असतात, तिथून एक पोपटी ओघळ खाली आला होता. त्याच्या टोकाला थेंब लोंबत होता.

तिथे आत तेल अडवणारं एक रबरी ऑइल सील असतं. त्याला हात लावायचा तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. या गाडीचा तो एकदाच उतरला होता, गेल्या वर्षी, क्लचप्लेटसाठी. ते काम उस्तादांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं.

"काय दिसतंय?" मागून उस्तादांनी विचारलं.

"उजेड."

"मग बरोबर आहे. रंग पोचला."

तिने खिशातून बाटली काढून त्यांच्यासमोर धरली. झाकणाचं सील तुटलेलं नव्हतं.

"मी रंग अजून घातलाच नाही, उस्ताद. हा आधीच कुणीतरी घातलाय."

कोपऱ्यातला कॉम्प्रेसर धापा टाकून थांबला. उस्ताद जवळच्या टायरवर बसले.

"सीलची कड माझ्या हातून दुमडली असणार," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गिअरबॉक्स उतरवला की सगळ्यांना दिसेल. तुझं काय, तू नवीन. नवीन माणसाला चुका शोभतात. महिनाअखेर उलटली असती, तर विषय मिटला असता."

"म्हणजे माझा हात जड नव्हता."

उस्तादांनी चिंधीने हात पुसायला घेतले.

"कधी कळलं तुम्हाला? या वेळी? गेल्या वेळी?"

"आत्ता आत्ताच गं," उस्ताद म्हणाले. "शप्पथ. आधी मलाही तुझीच चूक वाटली होती."

तिला ते खरं मानायचं होतं. बाहेरून मॅनेजर ओरडला, "फोटो मिळाला का?"

"पोरी, ऐक..." उस्ताद उठले आणि थोपटायला त्यांनी हात पुढे केला. ती मागे सरली. तिच्या हातातला दिवा वळला. त्यांचा हात हवेतच थांबला.

ते कुठे बघताहेत ते तिने पाहिलं. आपल्याच खांद्यावर तिला त्यांचा पंजा दिसला, पाचही बोटांनिशी पोपटी पेटलेला.