जावयासाठी होल्डर

तिसऱ्या दुकानातही किशनरावांनी होल्डर हातात घेतला, त्यात स्वतःचा मोबाइल बसवला आणि काउंटरवर दाणकन आपटला. मोबाइल निसटून पलीकडे पडला.

दुकानदार वीरभद्र जेवणाचा डबा उघडून बसला होता. त्याने हातातली भाकरी खाली ठेवली.

"काका, जावई गाडी चालवणार हायत का खडी फोडणार?"

आमच्याकडचे रस्ते एकदा बघून या, असं म्हणून किशनरावांनी दुसरा दाखवायला सांगितला.

सकाळच्या गाडीने ते मुदखेडहून नांदेडला आले होते. ऊन मी म्हणत होतं आणि गुडघे केव्हाचे कुरकुरत होते. अधिक महिना चालू होता. रविवारी लेक-जावई धोंड्याच्या जेवणाला यायचे होते. जावयाला वाण द्यायचं म्हणजे चांदीचं निरांजन, नाहीतर तांब्याचं ताट, आणि वर तेहतीस अनारसे. ताट गेल्या अधिकात देऊन झालं होतं. यंदा किशनरावांनी मोबाइलच्या होल्डरचं नाव काढलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, साखराबाईने, कपाळाला हात लावला. शेजारच्या कस्तुराबाईने तर विचारलंच, वाणात असलं काही चालतं का म्हणून. अनारसे तेहतीसच राहतील, एकही कमी करत नाही, एवढंच किशनराव म्हणाले होते.

जावई शिवम शिरूर अनंतपाळला राहायचा आणि सोलर पंप दुरुस्त करायचा. शेतकरी लोकेशन पाठवत आणि हा नकाशातल्या रेघेमागे शिवारंच्या शिवारं पालथी घाली. सुट्टी असली की त्याची बायको ऋतुजाही दुचाकीवर मागे बसून जायची. मोबाइल तिच्या हातात. ती डावीकडे म्हणाली की हा डावीकडे. संक्रांतीला तिने हे हसत हसत सांगितलं आणि किशनरावांच्या जिवाला तेव्हापासून घोर लागला. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पिशवी, मग बाईमाणसाने धरायचं कशाला? एखादा खड्डा, एखादा गतिरोधक. त्यापुढचा विचार ते करत नसत.

वीरभद्रने आणखी तीन प्रकार मांडले. स्प्रिंगचा होता, त्याचा जबडा करंगळीनेही उघडत होता. रबराचा होता, पण रबर दोन उन्हाळ्यांत सैल पडतं हे त्याने स्वतःच सांगून टाकलं. तिसरा लोखंडी होता, मागून स्क्रूने आवळायचा. हँडलला बसवायचा का आरशाच्या दांडीला, असं त्याने विचारलं. किशनरावांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी ऋतुजाला फोन लावला.

"आबा, एवढ्या उन्हात कशाला हिंडून राहिलात?" ती म्हणाली. "मी धरते की मोबाइल. मला सवय झाली."

"तू धरायचा न्हाई."

ती हळूच म्हणाली, "बरं आबा. आरशाच्या दांडीला बसंल."

फोन ठेवता ठेवता त्यांना आठवलं, साखराबाईने ब्लाउजचं माप विचारायला सांगितलं होतं. मागे तिने आपल्याच अंदाजाने शिवून दिलेला ब्लाउज ऋतुजाला फार ढगळ झाला होता. ते कळल्यावर साखराबाई दिवसभर कुणाशी बोलली नव्हती. किशनरावांनी माप एका चिठ्ठीवर लिहून घेतलं.

मग लोखंडी होल्डर त्यांनी तीनदा आपटला. मोबाइल जागचा हलला नाही.

"घेऊन जा काका. आता गाडी पडंल, पण मोबाइल पडणार न्हाई," वीरभद्र गमतीने म्हणाला.

किशनराव हसले नाहीत. पैसे देऊन ते स्टँडकडे चालू लागले. किती दिवसांचा शीण होता कोण जाणे, गाडीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला.

रविवारी दोघं वेळेवर आली. पुरणाचे धोंडे झाले, तुपाची धार झाली. साखराबाईने औक्षण केलं आणि अनारशांच्या ताटात मधोमध होल्डर ठेवून ते शिवमपुढे केलं. किशनरावांना धाकधूक होती. हादऱ्याने मोबाइलचा कॅमेरा बिघडतो म्हणून पुष्कळ पोरं होल्डर लावत नाहीत, असं त्यांनी ऐकलं होतं. नको म्हणाला तर पाय धरायचीही त्यांची तयारी होती.

शिवमने डिकीतून पाना काढला आणि उन्हात उकिडवं बसून होल्डर आरशाच्या दांडीला आवळला. आवळून झाल्यावरही तो आवळतच राहिला.

किशनराव त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. "शिरूरच्या अलीकडं गतिरोधक हाय. पांढरे पट्टे न्हाईत त्याला. तिथं हळू घे."

"माहीत हाय, मामा," शिवम म्हणाला. मान मात्र त्याने वर केली नाही.

चारच्या सुमाराला दोघं निघाली. शिवमने मोबाइल होल्डरमध्ये बसवून स्क्रू पिळला. ऋतुजा मागे बसली आणि किशनरावांनी सांगायच्या आधीच तिने दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. किशनरावांना हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात साखराबाई ओटीचे तांदूळ घेऊन धावत आली. पदर पुढे करायला ऋतुजा गाडीवरूनच वाकली आणि तिच्या गळ्यातला चांदीचा टाक बाहेर लोंबला. साखराबाईने तो अंगठ्याने पुसला आणि परत आत सारला. दुसरेपणावर आलेल्या बायकोने वारलेल्या सवतीच्या नावाने घालायचा तो टाक होता, शिल्पाचा. साखराबाईच्या पोटच्या एकुलत्या एक लेकीचा, जी दोन वर्षांपूर्वी याच शिवमच्या मागे बसून, एका हातात मोबाइल धरून, त्या बिनपट्ट्यांच्या गतिरोधकापर्यंत त्याला रस्ता दाखवत होती.