तीन हिसके

सगुणा गेल्याचं दशरथला कळलं तेव्हा त्याच्या पाठीवर हवेची टाकी तशीच होती.

तो आणि त्याचा दोस्त शिवदास मनोरीच्या खडकांपासून बरेच लांब, पाण्यातून वाळूवर निघाले होते. दशरथच्या कमरेला दोरीचा हातभर तुकडा लोंबत होता. बाकीची दोरी नव्हती. खडकावर सगुणाही नव्हती.

"बायको रुसली वाटतं," दशरथ म्हणाला. "दोरी टाकून माहेरी जाऊन बसली."

"आज जेवण नाही तुला," शिवदास हसला.

तेवढ्यात खडकांच्या पलीकडून चार माणसं तिला उचलून आणताना दिसली.

आता ती बळवंतमामांच्या, म्हणजे तिच्या वडलांच्या अंगणात होती. अंगावर कोणीतरी कोरडं लुगडं टाकलं होतं. डोक्याला मागच्या बाजूला लागलं होतं. उजव्या मनगटाला दोरीचे वेढे तसेच होते. दुसरं टोक खडकावरच्या कालवांच्या शिंपांच्या धारेवर घासून तुटलेलं.

दशरथ भिंतीला टेकून उभा होता. टाकी शिवदासनं उतरवून घेतली होती. शिवदास गोदीत पाणबुड्यांच्या हाताखाली कामाला होता, तिथून जुन्या टाक्या मिळवायचा. थंडीत पाणी जरा निवळलं की रविवारी दोघं बोरीवलीहून इथं यायचे आणि गंमत म्हणून बुडी मारायचे. निवळलं तरी पाणी गढूळच. म्हणून दशरथच्या कमरेला दोरी, आणि शिवदास त्याला धरून. काठावरचं टोक सगुणाच्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक आहे. तीन हिसके म्हणजे वर या.

सकाळी शिवदास तिला म्हणाला होता, "वहिनी, हा वर नाही आला तर दोरी विकून टाका."

"दोरीला गिऱ्हाईक मिळेल हो," ती म्हणाली होती. "ह्यांना कोण घेणार?"

अंगणात सरूबाई सगळ्यांना सांगत होती. ती आणि दुसऱ्या बाया कालवं काढायला खडकांवर गेल्या होत्या. भरती लागली तशा त्या निघाल्या.

"मी हाक मारली तिला. म्हटलं, ये गो, पाणी भरतंय. तर म्हणते, हे खाली हायत, दोरी कशी सोडू? तू हो पुढं. मी आले पुढं. मला काय ठावं?" सरूबाईनं पदर तोंडाला लावला. "मागं बघितलं तर खडक दिसंना."

खाली माणूस असताना दोरी सोडायची नाही, हे त्या गावात पोरींना वेगळं शिकवावं लागत नाही.

बळवंतमामा लेकीच्या उशाशी बसले होते. ते तिच्या मनगटावरचे वेढे सोडवत होते. ओल्यानं काथ्या फुगला होता, गाठ सुटत नव्हती. कोयता आणू का, असं एकानं विचारलं. त्यांनी मान हलवली. नखानं एकेक पदर मोकळा केला. मग वर न बघता म्हणाले,

"जावय, एकच सांगा. दोरी तुटायच्या आधी वडली व्हती काय तिनं?"

शिवदासनं दशरथकडे पाहिलं. शिवदासला काहीच माहीत नव्हतं. पाण्याखाली त्याचा हात दशरथच्या खांद्यावर होता आणि तोंड खडकाच्या फटीकडे. फटीत झिंग्यासारखी, पण हातभर मोठी शेवंड होती. तिच्या मिशा बाहेर आलेल्या. दशरथचा हात कोपरापर्यंत आत होता.

तेव्हाच कमरेला तीन हिसके बसले होते.

जेवायची वेळ झाली की ती अशीच ओढायची. दशरथनं मोकळ्या हातानं एक हिसका दिला. ठीक आहे. शेवंड आणखी आत सरकली. त्यानंही हात आणखी आत घातला. थोड्या वेळानं पुन्हा तीन हिसके बसले, या वेळी जोरात, कंबर मागं ओढली जाईल इतके. थांब की गं जरा, असं त्याच्या मनात आलं. या खेपेला त्यानं उत्तर दिलं नाही.

नंतर दोरी सैल पडली. तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं.

"जावय?"

"नाही, मामा," दशरथ म्हणाला. "नाही ओढली."

"वडलीच नाय?" सरूबाईनं पदर काढला. "मंग बसली कशाला तितं?"

"भरती कळली नसंल," मागून एकजण म्हणाली. "बोरीवलीला राहून कसली कळतेय भरती! नळाचं पाणी तेवढं कळतं."

"गप गो."

"खोटं काय बोलते मी?"

बळवंतमामांनी दोरी गोळा केली. हाताला सवय होती म्हणून तिचं भेंडोळं केलं आणि बाजूला ठेवलं. ते रडत नव्हते. चारचौघांत आपल्या घरातलं काही उघडं पडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"आमी कोली," ते हळूच म्हणाले. "आन् माज्या पोरीला पानी चढलेलं कळू नये?"

दशरथनं तोंड उघडलं. शिवदासला वाटलं तो आता पडतो, म्हणून त्यानं त्याला दंडाला धरून खाली बसवलं. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. दशरथ पाणी प्यायला.

सगुणाला भरती कळली होती. तिनं दोनदा दोरी ओढली होती. मामांना हे सांगायचं अजून राहिलं आहे.