चायनाचा ब्रेक

अबे, तू आयक त खरं! इंझोरी गावातून स्वदेशीची सायकल रॅली निंगत होती, अन् रॅलीचे म्होरके भगवंतरावकाका, त्याइनं माह्या ब्रेकच्या रबरावरचं नाव वाचलं. "चायनाचा माल? चार दिस टिकत नाही! काढ, नाहीतर रॅलीत येऊ नको."

मी म्हटलं, "काका, याच ब्रेकवर मी रोज वांग्याचं पोतं घेऊन मानोऱ्याच्या रस्त्याचा उतार उतरतो!" आयकतेच कायले! मंग म्या बी पाना घेतला, चारही रबर काढले अन् त्याइच्या हातात देल्ले. त्याइनं खिशात घातले, मोटरसायकलनं पुढं गेले.

त्याच उताराच्या खाली काका रॅलीच्या स्वागताले हार घेऊन उभे. मले सुसाट येतानी पाहून बोंबलले, "अबे, ब्रेक मार, ब्रेक!"

मी वरूनच ओरडलो, "तुमच्या खिशात हाये, काका, तुमीच मारा!" सांग बे, तू काय केलं असतं?