व्हायोलाची चाल

“काका, ‘व्हायोला’ यादीत नको,” पुष्कर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. “लोक हसतील आपल्याला.”

यादवराव त्या जहाजाचा छापून घेतलेला फोटो हातात धरून उभेच राहिले. तटस्थ बंदरातल्या कुणा ओळखीच्या हमालाने ईमेलवर धाडलेला, अंधूक. मुंबईच्या गोदीत तीस वर्षं बोटींचा माल मोजलेला हा म्हातारा इंग्लंडातल्या मेडनहेडच्या ऑफिसात भिंग घेऊन बसायचा. भिंग! ते दिसलं की पुष्करच्या कपाळावर आठी चढायची.

काम सरळ होतं. कोळसा तटस्थ बंदरांतून, परक्या कागदांवर शत्रूकडे जात होता. ती जहाजं हुडकायची आणि दर शुक्रवारी यादी बेनेटच्या हाती द्यायची. बेनेट ती नौदलाकडे पोचवायचा.

“अहो, सगळा कोळसा त्या तटस्थ बंदरातच उतरवलाय तिनं. सही-शिक्क्यानिशी कागद आहे.”

“कागद म्हणजे सासरहून आलेलं पत्र. त्यात सगळं क्षेमच असायचं. तिच्या पोटावरचे आकडे बघ ना. बंदरात येताना जेवढी पाण्यात होती, निघतानाच्या या फोटोतही तेवढीच; माल पोटातच आहे. गरवार लेकीनं पदर कितीही सावरला, तरी चालीवरून कळतंच रे.”

“ओव्या घरी म्हणा. इथं सॅटेलाइटवर काम चालतं.”

यादवरावांचा आवाज खाली आला. “नंदू माझा फौजेत डॉक्टर आहे, आघाडीवर. त्या कोळशावर त्यांचे तोफांचे कारखाने पेटतात. एवढं एक नाव घाल, बाळा.”

पोरगा आघाडीवर गेला म्हणून बापाला अक्कल येत नाही, हे पुष्करच्या अगदी ओठांवर आलं होतं. तो एवढंच म्हणाला, “चहा टाका, काका. बेनेट येतोय.”

बेनेट आला. अकरा नावं त्याने उभ्या उभ्या वाचली.

“एवढीच?”

“एवढीच. आमचे काका रोज एक बारावं आणतात, पण ते सोडा.”

“कोणतं?”

“‘व्हायोला’. भिंगातून शोधलंय!” पुष्कर मनापासून हसला. बेनेटही हसला. मग पुष्करने म्हाताऱ्याची नक्कल करून दाखवली. पोटावरचे आकडे, पाण्याची रेघ, गरवार लेक, काही सोडलं नाही. बेनेट कौतुकाने ऐकत होता. मध्येच एकदा त्याने विचारलं, फोटो कुठल्या तारखेचा?

चहा आला तेव्हा तो निघून गेला होता. खुर्चीवर त्याचा मफलर राहिला होता.

“माझं ते नाव...?” यादवरावांनी विचारलं.

“सांगितलं हो त्याला. पोट धरून हसला.”

मफलर घेऊन पुष्कर जिना उतरला. कार पार्कमध्ये बेनेट पाठमोरा, फोन कानाला लावून उभा होता.

“अकरांत आपलं एकही नाही,” तो सांगत होता. “पण ‘व्हायोला’ ओळखलीय त्यांनी. आजच तिचं नाव बदला, आणि कोळसा दुसऱ्या बंदरातून न्या.”